सातपूर ते स्टुटगार्ट: परदेशी शाखांचं नेटवर्क नव्या प्रोव्हायडरवर नेताना

नवी लाइन चालू होणं हा या कामातला सोपा भाग. अवघड असतात ते मधले सहा-आठ आठवडे, जेव्हा निम्म्या शाखा जुन्या प्रोव्हायडरवर असतात, निम्म्या नव्यावर, आणि दोन्हींना एकमेकांशी बोलायचं असतं. त्यामुळे नियोजनाचा बहुतेक वेळ या काळावर घालवावा.

उदाहरणापुरतं असं धरू. नाशिकच्या सातपूरला कारखाना, अंबडला गोदाम, सर्व्हर नवी मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये आणि बाहेर स्टुटगार्ट, रॉटरडॅम, दुबई, सिंगापूर, शांघाय. एकूण आठ जागा, सगळ्या एमपीएलएसवर (प्रोव्हायडरच्या खासगी नेटवर्कवर), राउटिंग बीजीपीचं (नेटवर्कं एकमेकांना वाटा सांगतात तो प्रोटोकॉल).

आधी कागद

प्रत्येक सर्किटचा (भाड्याच्या लाइनचा) आयडी, कराराची शेवटची तारीख आणि नोटिशीची मुदत एका तक्त्यात लिहा. मुदत सर्किटनिहाय वेगळी असते आणि वेळेत पत्र गेलं नाही तर करार आपोआप वर्षभर वाढतो, असं कलम बारीक अक्षरात बहुधा असतंच. त्या तारखांवरून उलटं मोजत यायचं.

नंतर आयपी पत्ते. आतले खासगी पत्ते बदलत नाहीत, पण पब्लिक आयपी जुन्या प्रोव्हायडरचे असतील तर ते त्याच्याबरोबर जातात. बँकेने व्हाइटलिस्ट केलेले, ग्राहकाच्या फायरवॉलमध्ये घातलेले, ईमेलच्या एसपीएफ नोंदीतले (तुमच्या नावाने मेल कुठून येऊ शकतो ती यादी), कुठल्या तरी प्रिंटरमध्ये हाताने टाइप केलेले, सगळे शोधा. बँकेकडून बदल व्हायला आठवडे जातात, म्हणून हे पत्र सर्वांत आधी पाठवा. नवा पत्ता जुन्याच्या जोडीला घालून घ्या, जुना काढायला आत्ताच सांगू नका. डीएनएसचा टीटीएल (नाव-पत्त्याची नोंद किती सेकंद जपून ठेवायची तो आकडा) ८६४०० असेल तर कटओव्हरच्या, म्हणजे नव्या लाइनवर जाण्याच्या, किमान दोन दिवस आधी ३०० वर आणा.

बँडविड्थ अंदाजाने मागवू नका. दर पाच मिनिटांच्या नोंदी, निदान ३० दिवसांच्या, त्यात एक महिनाअखेर आलीच पाहिजे. त्यावरून ९५ वा पर्सेंटाइल काढा, म्हणजे ९५ टक्के नोंदी ज्याच्या खाली राहतात तो आकडा.

लाइन कुठून जाते ते विचारा

नाशिकची मुंबईकडे जाणारी फायबर बहुतेक कसारा घाटातून उतरते. दोन प्रोव्हायडर घेतले म्हणजे दोन वाटा झाल्या, असं होत नाही. लास्ट माइलची (तुमच्या दारापर्यंतच्या शेवटच्या टप्प्याची) केएमझेड, म्हणजे नकाशाची, फाइल मागा आणि नकाशावर दोन्ही रेषा एकावर एक ठेवून बघा. दुसरी वाट सिन्नर, संगमनेरमार्गे पुण्याकडे जात असेल तर तिला अर्थ आहे. तोच प्रश्न समुद्राखालच्या केबलचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये तांबड्या समुद्रात एएई-१, ईआयजी आणि सीकॉम या केबल तुटल्या, तेव्हा युरोपकडचा बराच ट्रॅफिक लांबच्या वाटेने वळवावा लागला. करारात केबलची नावं लिहून घ्या; ‘डायव्हर्स रूट’ एवढंच लिहिलेलं चालवून घेऊ नका.

शांघायचं गणित वेगळं. चीनच्या सीमेपलीकडे खासगी नेटवर्क द्यायचा परवाना चायना टेलिकॉम, चायना युनिकॉम आणि चायना मोबाइल या तीन सरकारी कंपन्यांकडे आहे. नवा प्रोव्हायडर यांपैकी कुणाची लाइन घेतो, ते लेखी घ्या. इंटरनेटवरून साधा व्हीपीएन टाकून काम भागवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

वेळ कोणती?

गोदामातून द्राक्ष निर्यात होत असेल तर तिचा हंगाम जानेवारी ते एप्रिल. माल रॉटरडॅमला निघत असताना नेटवर्कला हात लावायचा नाही. त्यातच मार्चअखेर येते. पावसाळ्यात रस्ता खोदायची परवानगी मिळवणं कठीण, शिवाय २०२७ च्या सिंहस्थासाठी शहरात रस्त्यांची कामं आहेत, म्हणजे टाकलेली फायबरही जेसीबीखाली येऊ शकते. उरतात दिवाळीनंतरचे पाच-सहा आठवडे आणि मे महिना. खोदाईचा अर्ज त्याच्या तीन महिने आधी जायला हवा.

नवी लाइन आली की

इंजिनिअर मल्टिमीटर काढून आधी न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज मोजेल. ते दोन व्होल्टच्या वर असेल तर तो मक्स (लाइनच्या टोकाचं प्रोव्हायडरचं यंत्र) चालू न करता परत जातो आणि दोन आठवडे वाया जातात. रॅकचं अर्थिंग आधीच तपासून ठेवा. प्रोव्हायडरचा मक्स आणि मीडिया कन्व्हर्टरही तुमच्याच यूपीएसवर हवा. तो भिंतीवरच्या साध्या सॉकेटमध्ये खोचलेला असणं ही नेहमीची चूक.

एसएफपी (फायबर जोडायचं मॉड्यूल) दोन्ही टोकांना एकाच जातीचा हवा. एक गिगच्या एलएक्स मॉड्यूलची रिसीव्ह पॉवर (पोचलेल्या प्रकाशाची ताकद) उणे १९ डीबीएमपर्यंत चालते, पण उणे १७ दिसत असेल तर पुढच्या पावसाळ्यात त्रास होणार असं समजा आणि आत्ताच कनेक्टर साफ करून घ्या. १०० एमबीपीएसचा कॉपर हँडऑफ (तांब्याच्या केबलने दिलेली जोडणी) असेल तर एका बाजूला ऑटो आणि दुसऱ्या बाजूला फिक्स फुल डुप्लेक्स (एकाच वेळी पाठवणं आणि घेणं) ठेवू नका. ऑटोची बाजू हाफवर (एका वेळी एकच) जाते, पिंग (छोटं चाचणी-पॅकेट) व्यवस्थित दिसतं आणि फाइल पाठवली की एरर वाढू लागतात.

एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) तपासायला डीएफ बिट (‘तुकडे करू नका’ ही खूण) लावून १४७२ बाइटचा पिंग पलीकडच्या टोकापर्यंत पाठवा. २० बाइट आयपीचे, ८ आयसीएमपीचे, एकूण १५००. तो अडकला तर मध्ये कुठे तरी टनेल (पॅकेटला आणखी एक वेष्टन चढवणारी वाट) आहे. लॉगिनचा स्क्रीन येतो पण मोठा रिपोर्ट उघडताना सगळं थिजतं, हे त्याचं ओळखीचं लक्षण. एमटीयू १४०० निघाला तर राउटरवर टीसीपी एमएसएस (पॅकेटमधल्या डेटाचा कमाल आकार) १३६० करा.

वेगाची तक्रार करण्याआधी एक हिशेब करा. स्टुटगार्टपर्यंत जाऊन-येऊन १२० मिलिसेकंद लागत असतील आणि टीसीपी विंडो (पोच येण्याआधी पाठवता येणारा डेटा) ६४ केबीची असेल, तर लाइन १०० एमबीपीएसची असली तरी एका कनेक्शनला साडेचार एमबीपीएसच्या आसपासच मिळणार. दोष लाइनचा नाही. आयपर्फमध्ये (वेग मोजायच्या प्रोग्रॅममध्ये) वीस-पंचवीस समांतर स्ट्रीम लावून मोजा.

क्यूओएसचे (कोणत्या ट्रॅफिकला आधी वाट द्यायची त्याचे) वर्ग जुळवणंही इथेच येतं. जुन्याकडे सहा वर्ग असतील आणि नव्याकडे चार, तर कोणता कशात जाणार ते ठरवा. ईएफ वर्गात (फोन कॉलच्या, सर्वांत आधी सोडल्या जाणाऱ्या) ठरलेल्या मर्यादेबाहेरचं पॅकेट थेट टाकून दिलं जातं. जी.७११ या आवाजाच्या कोडिंगचा एक कॉल इथरनेटसकट साधारण ८७ केबीपीएस धरा. वीस कॉल म्हणजे पावणेदोन एमबीपीएस.

दोन्ही नेटवर्क एकत्र चालवताना

जुन्या आणि नव्या नेटवर्कमधला ट्रॅफिक कुठून तरी ओलांडावा लागतो. ती जागा, म्हणजे पूल, एकच ठेवा, आणि ती नवी मुंबईचं डेटा सेंटर असावी, कारण सर्व्हर तिथेच आहेत. आठ जागांच्या २८ जोड्या होतात. पहिली जागा हलली की ७ जोड्या या पुलावरून जातात, चार हलल्या की १६, नंतर पुन्हा कमी. म्हणजे पुलावर ताण मध्यावर सर्वांत जास्त. तोवर तिथल्या दोन्ही पोर्टची क्षमता तात्पुरती वाढवून घ्या. स्टुटगार्ट जुन्यावर आणि रॉटरडॅम नव्यावर असेल तर त्यांचं बोलणं मुंबईला वळसा घालून जातं, म्हणून युरोपच्या दोन्ही जागा एकाच आठवड्यात हलवा.

बाकीच्या प्रत्येक जागेने फक्त स्वतःचे प्रिफिक्स (आयपी पत्त्यांचे गट) बाहेर सांगायचे. हा फिल्टर विसरला की दुबईची २० एमबीपीएसची लाइन जुन्या-नव्यामधला रस्ता बनते आणि लगेच तुंबते. पुलावर जे रूट जुन्याकडून शिकले ते जुन्याला परत द्यायचे नाहीत. त्यासाठी कम्युनिटी (रूटवरची खूण) लावतात, पण बरेच प्रोव्हायडर ती वाटेत काढून टाकतात. तुमचा टाकतो का, हे आधी बघा. टाकत असेल तर एएस पाथवर (रूट कोणकोणत्या नेटवर्कमधून आला त्या यादीवर) फिल्टर लावा.

सर्वांत छळणारा दोष असा. एका जागेत दोन राउटर, आत ओएसपीएफ (जागेच्या आतल्या नेटवर्कचा राउटिंग प्रोटोकॉल), आणि दोन्हींवर बीजीपी-ओएसपीएफ अशी दुतर्फा अदलाबदल. नव्या राउटरची बीजीपी काही सेकंद पडते. तेवढ्यात त्याला तेच रूट जुन्या राउटरकडून ओएसपीएफमधून मिळतात आणि तो ते बीजीपीत ‘माझेच’ म्हणून घालतो. सिस्कोवर अशा स्थानिक रूटचं वेट (पसंतीचा आकडा, मोठा जिंकतो) ३२७६८ असतं, म्हणून बीजीपी परत उठली तरी प्रोव्हायडरकडून आलेला रूट हरतो आणि ट्रॅफिक जुन्याच वाटेने जात राहतो. सगळं ‘अप’ दिसतं, म्हणून कुणाला संशय येत नाही. उपाय साधा: बीजीपीतून ओएसपीएफमध्ये जाणाऱ्या रूटला टॅग लावायचा आणि परतीच्या रूट-मॅपमध्ये (रूट गाळायच्या नियमांत) तो टॅग नाकारायचा.

फायरवॉल असेल तर जाणं-येणं एकाच वाटेने व्हायला हवं. सिन-अॅक (कनेक्शन जोडतानाचं उत्तर) दुसऱ्या फायरवॉलवर आलं तर ती ते टाकून देते. बाहेर जाण्यासाठी लोकल प्रेफरन्स (मोठा आकडा जिंकतो; डिफॉल्ट १००, नव्याला २००) आणि आत येण्यासाठी जुन्या बाजूला एएस प्रिपेंड (आपला एएस नंबर पुन्हा पुन्हा लावून वाट लांब दाखवणं), हे दोन्ही एकाच वेळी बदला.

कटओव्हरचा दिवस

मध्यरात्री काम करायची सवय सोडा. सातपूर-अंबडची साप्ताहिक सुट्टी शनिवारची. शनिवारी दुपारी दोनला स्टुटगार्टमध्ये हिवाळ्यात सकाळचे साडेनऊ, दुबईत साडेबारा, सिंगापुरात साडेचार वाजलेले असतात. दुबईतही २०२२ पासून शनिवार-रविवार सुट्टी. कार्यालयं बंद, पण बोलावलेला माणूस जागा असतो आणि फोन घेतो. त्या शनिवारी महावितरणचं देखभालीचं काम आहे का, तेवढं विचारून घ्या. मार्च आणि ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार-रविवार टाळा, युरोपात तेव्हा घड्याळ बदलतं. सगळे लॉग यूटीसीमध्ये ठेवा.

पहिली जागा अंबड घ्या, हाकेच्या अंतरावर आहे. हब, म्हणजे नवी मुंबई, पहिला कधीच नको. सुरुवातीला दिवसाला एकच जागा.

दीडला कॉन्फिगरेशनचा बॅकअप आणि आधीची मोजमापं: पिंगची वेळ, ट्रेसराउट (वाटेतले टप्पे), ईआरपीचं (कंपनीच्या कामकाजाच्या सॉफ्टवेअरचं) लॉगिन किती सेकंदात, एक लेबल प्रिंट, एक फोन कॉल. बदल करण्याच्या ऐन आधी, पंधरा मिनिटांनी आपोआप रीलोड होईल असा आदेश देऊन ठेवा, म्हणजे स्वतःलाच बाहेर कोंडून घेतलं तरी राउटर जुन्या स्थितीत परत येतो. काम साधलं की तो रद्द करायला विसरू नका. विसरणारे बरेच असतात. दोनला प्रेफरन्स आणि प्रिपेंड बदला. मग तीच मोजमापं त्याच क्रमाने पुन्हा, आणि वजनकाटा, बायोमेट्रिक हजेरी, सीसीटीव्ही हेही. पाचपर्यंत यादी पूर्ण हिरवी झाली नाही तर मागे फिरायचं, हे आधीच लिहून सही घेतलेलं असावं. ‘अजून अर्धा तास बघू’ असं म्हणायचा अधिकार कुणालाही देऊ नका. यादी हिरवी झाली तर शेवटी नव्या लाइनची केबल मुद्दाम काढून ट्रॅफिक जुन्यावर जातो का ते बघा. बीजीपीचा होल्ड टाइम (शेजारी राउटर गप्प झाल्यावर वाट बघायची वेळ) १८० सेकंदच राहिला असेल तर लिंक मध्येच कुठे तरी तुटल्यावर तीन मिनिटं अंधार. दोन्ही बाजूंनी बीएफडी (तुटलेली लिंक चटकन ओळखणारी सोय) चालू करून घ्या.

जुनी लाइन कधी तोडायची?

प्रत्येक जागा हलल्यावर निदान दोन आठवडे, आणि त्यात एक महिनाअखेर गेलेली हवी. जुन्या पोर्टवरचा ट्रॅफिक ग्राफ बघा. थोडासाही सतत दिसत असेल तर कुणाचा तरी स्टॅटिक (हाताने लिहिलेला) रूट अजून तिकडे आहे, तो शोधल्याशिवाय पत्र पाठवू नका. डिस्कनेक्शनचं पत्र सर्किट आयडीनिहाय, पोच घेऊन. परदेशातल्या लाइनचं बिल तिथली कंपनी देत असेल तर पत्र तिथूनही लागतं. जुना राउटर आणि मक्स परत देताना सीरियल नंबर लिहिलेली पावती घ्या, नाहीतर सहा महिन्यांनी त्याचंही भाडं लागून येतं.