जुन्या ट्रकच्या रेडिएटरला इलेक्ट्रिक पंखा बसवताना

आधी अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारा भाग) पाहा. १२ व्होल्टचे दोन मोठे पंखे मिळून ३०-४० अँपिअर सहज ओढतात. जुना ३५-४० अँपिअरचा अल्टरनेटर तिथेच दम टाकतो. ट्रक २४ व्होल्टचा असेल तर मोटरही २४ व्होल्टचीच घ्या.

मग रेडिएटरच्या जाळीची (पाण्याच्या बारीक नळ्यांचा भाग) लांबी-रुंदी आणि वॉटर पंपापर्यंतची मोकळी जागा मोजा. पंखा इंजिनाच्या बाजूने, हवा ओढणारा घ्या, आणि श्राउडसकट (पंख्याभोवतीचे, सगळी जाळी झाकणारे आवरण). श्राउड नसेल तर पात्यांसमोरचीच जाळी थंड होते, कोपरे तापलेलेच राहतात. पाती जाळीपासून अडीच सेंटीमीटर तरी लांब हवीत.

जाळीतून आरपार जाणारे प्लॅस्टिकचे टाय मिळतात, ते नकोच: थरथरीने नळी घासते आणि गळती लागते. लोखंडी पट्ट्या रेडिएटरच्या चौकटीला बोल्टने कसा, मध्ये रबरी वॉशर घाला.

प्रत्येक पंख्याला वेगळा ४० अँपिअरचा रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), ६ चौरस मिलिमीटरची वायर, बॅटरीजवळ फ्यूज. अर्थिंगची वायर रंग खरवडून उघड्या धातूला जोडा. थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला इंजिनातले पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) ८२ अंशांचा असेल तर पंखा ९३ च्या आसपास सुरू, ८५ ला बंद. बंद होण्याचा आकडा ८२ च्या खाली ठेवलात तर पंखा थांबतच नाही.

शेवटी पंखा चालू करून जाळीसमोर, बाहेरच्या बाजूने, कागद धरा. तो चिकटला नाही, तर मोटरच्या वायरी उलट्या जोडल्या आहेत.