टाचेमागची शीर दुखत असेल तर पायरीवरचा व्यायाम असा करा

सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली दहा पावलं लंगडत पडतात. मग शीर मोकळी होते, आणि संध्याकाळी चालून आलं की पुन्हा ठणकते. पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला बांधणारी ही जाड कंडरा, म्हणजे अकिलीस टेंडन. दवाखान्यात सगळे तिला शीरच म्हणतात, मीही तेच म्हणते.

आधी चिमटीत धरून दुखरी जागा शोधा. हाडापासून दोन ते सहा सेंटीमीटर वर दुखत असेल तर खालची पद्धत तुमच्यासाठी. शीर हाडाला चिकटते तिथेच दुखत असेल तर व्यायाम सपाट जमिनीवर करा. टाच पायरीखाली नेली की शीर हाडावर दाबली जाते आणि दुखणं वाढतं.

मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटलं आणि नंतर त्या पायाच्या चवड्यावर उभं राहता येत नसेल, तर शीर तुटली असू शकते. त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा. दोन्ही टाचा धरल्यात, सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकतो, रात्री कंबर दुखून जाग येते किंवा अंगावर सोरायसिस आहे, तर हे सांध्यांच्या आजाराचं लक्षण असू शकतं. तिथे पायरी कामाची नाही, संधिवाततज्ज्ञ हवेत. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक औषधं शीर कमकुवत करू शकतात. ती चालू असताना टाच दुखू लागली तर डॉक्टरांना लगेच सांगा.

आता व्यायाम. भिंतीला हात टेकून चवडे पायरीच्या कडेवर ठेवा. दोन्ही पायांनी वर जा, सगळा भार दुखऱ्या पायावर घ्या आणि टाच सावकाश पायरीखाली उतरवा. वर येताना चांगला पाय वापरा. गुडघा सरळ ठेवून 15 वेळा, असे तीन फेरे. मग गुडघा किंचित वाकवून तितकेच. सकाळ-संध्याकाळ, रोज, 12 आठवडे. स्वीडनचे अस्थिरोगतज्ज्ञ हाकान आल्फ्रेडसन यांनी 1998 मध्ये 15 हौशी धावपटूंवर वापरलेलं प्रमाण हेच.

लोक चुकतात ते दुखण्यापाशी. "दुखलं की थांबा" हा सल्ला या शिरेसाठी चुकीचा आहे, आणि त्यात माझं स्वतःचं जवळजवळ एक वर्ष गेलं. दोन महिने पूर्ण आराम केला, तेल चोळलं, दुखणं गेलं. पळायला लागले आणि चौथ्या दिवशी पुन्हा लंगडू लागले. असं तीनदा झालं. आरामात दुखणं शमतं, पण शीर आणखी दुबळी होते. भार पेलण्याची ताकद भार घेऊनच येते.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. तिसऱ्या आठवड्यात बरं वाटलं म्हणून पाठीवर एकदम दहा किलो घेतले आणि पाय पुन्हा सुजला.

म्हणून वही ठेवा. व्यायाम करताना दुखणं दहापैकी पाचपर्यंत गेलं तरी चालेल. निकाल दुसऱ्या सकाळी लागतो. पहिल्या दहा पावलांना दहापैकी आकडा द्या. कालच्याइतका किंवा कमी असेल तर चालू ठेवा. दोनने वाढला असेल तर दोन दिवस फेरे निम्मे करा, पण बंद करू नका. व्यायाम अगदी न दुखता होऊ लागला की सॅकमध्ये दोन किलो घाला, आठवडाभर सकाळचा आकडा बघा, मगच पुढचे दोन. वेदनाशामक गोळी घेऊन व्यायाम केला तर हा आकडा खोटा येतो.

पहिले तीन-चार आठवडे फरक जाणवत नाही. बहुतेक जण इथेच सोडतात आणि इंजेक्शन मागायला येतात. या शिरेत स्टिरॉइडचं इंजेक्शन घेऊ नका, त्याने ती तुटण्याचा धोका वाढतो. दर महिन्याला सोनोग्राफीही नको. दुखणं गेल्यावरही शीर जाड दिसू शकते, आणि तो रिपोर्ट वाचून माणूस उगीच घाबरतो.

चालणं चालू ठेवा. पळायला परत लागाल तेव्हा एक दिवसाआड पळा. जोरात पळल्यानंतर पहिला दिवसभर शिरेतलं कोलॅजन, म्हणजे तिचे धागे बनवणारं प्रथिन, घडण्यापेक्षा मोडतं जास्त.