मिसळीनंतर पोट फुगतं? या चुका टाळा

रविवारी सकाळी गंगापूर रोडला मिसळीवर ताव मारायचा आणि दुपारभर पोटावरून हात फिरवत बसायचं, हे नाशिककरांना नवं नाही. बोल मात्र लागतो दह्याला. ‘तिखटावर दही खाल्लंस, म्हणून बाधलं.’ बिचारं दही! दूध न पचणाऱ्या बऱ्याच जणांनाही वाटीभर दही चालतं, कारण विरजताना दुधातली साखर थोडी कमी झालेली असते.

खरी गोम उरलेल्या ताटात आहे. मटकीतल्या काही शर्करा लहान आतड्यात पचत नाहीत. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्या आंबवतात आणि गॅस धरतो. कच्चा कांदा आणि पावातला गहू, दोघांतही फ्रुक्टन नावाच्या, तशाच न पचणाऱ्या शर्करा असतात. त्यांचीही तीच गत. मटकी, कांदा, पाव अशी तिघांची युती झाली की कळ येणारच. वर तर्री. तेलकट खाल्लं की जठर लवकर रिकामं होत नाही, आणि तशात घरी येऊन आडवं झालं की आंबट पाणी घशाशी येतं.

यासाठी मिसळ सोडायची गरज नाही (नाशिकात राहून ते जमणारही नाही). तर्री वेगळ्या वाटीत येत असेल तर ती रश्श्यात ओतू नका, चमच्या-चमच्याने घ्या. कांदा चिमूटभरच. ‘अजून एक पाव आण रे’ म्हणायच्या आधी पाच मिनिटं थांबा. घरी करताना मटकी भिजवलेलं पाणी फेकून द्या आणि मोड चांगले येऊ द्या. दोन्हींमुळे त्या शर्करा कमी होतात.

उतारा म्हणून जे घेतलं जातं, त्यातही चुका होतात. थंड सोडा प्यायला की मोठा ढेकर येतो, बरं वाटतं; पण तो ढेकर बहुतेक सोड्याचाच असतो. फसफसणाऱ्या पावडरीत सोडियम असतं, म्हणून बीपीवाल्यांनी ती ऊठसूट घेऊ नये. छातीत जळजळत असताना पुदिनाही नको. त्याने अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप सैल पडते आणि जळजळ वाढू शकते. नुसता गॅस असेल तर अर्धा चमचा ओवा चावून वर कोमट पाणी प्या, सावकाश शतपावली करा. पुढचे दोन-तीन तास आडवं होऊ नका. रात्री त्रास झालाच तर डाव्या कुशीवर झोपा.

द्राक्षांच्या हंगामात मळ्यावर भरपेट जेवून वर अर्धा किलो द्राक्षं रिचवणारेही असतात. आतडं एका वेळी ठरावीकच फ्रुक्टोज (फळांतली साखर) शोषतं, उरलेलं गुडगुडतं. मूठभर खा, आणि जेवणाआधी.

शिकरणाचं काय? आयुर्वेद दूध-केळं विरुद्ध आहार मानतो. आधुनिक आहारशास्त्राला मात्र त्यात सगळ्यांना बाधेल असं काही सापडलेलं नाही. तुम्हाला त्रास होत असेल तर आधी नुसतं दूध पिऊन बघा, बहुधा तिथेच उत्तर मिळेल.

छातीत दाबल्यासारखं होऊन घाम फुटला, दुखणं हातात किंवा जबड्यात गेलं, तर ‘ॲसिडिटीच असेल’ म्हणत ओवा शोधत बसू नका, १०८ ला फोन करा. शौचाला काळं होणं, उलटीत रक्त, कारण नसताना वजन उतरणं यांवरही घरगुती उपाय नकोत, थेट डॉक्टरांकडे जा.