एजंटनं पाठवलेलं वायरिंगचं बिल देण्याआधी

नागपुरात कूलर लागले की भाड्यानं दिलेलं घर सांभाळणाऱ्या एजंटकडून घरमालकाला ‘वायरिंग दुरुस्ती व सेफ्टी’ असं एका ओळीचं बिल येतं आणि वाद तिथूनच सुरू होतो. एकरकमी बिल मान्य करू नका. एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा, म्हणजे बंद होणारा स्विच), आरसीसीबी (करंट गळला की पडणारा स्विच), वायर आणि मजुरी वेगवेगळी लिहून मागा. कंपनी, अँपिअर, वायरची जाडी त्यात हवीच. काढलेले जुने पार्टही परत घ्या.

एमसीबी सारखा पडतो म्हणून 16 ऐवजी 32 अँपिअरचा बसवला आणि वायर 2.5 चौरस मिमीचीच ठेवली, तर ती दुरुस्ती नव्हे, धोका आहे. वायर तापते, तरी एमसीबी पडत नाही. असल्या कामाचे पैसे देऊ नका, ते बदलून घ्या.

30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि अर्थिंग यांत मात्र काटकसर नको. लोखंडी कूलरच्या बॉडीत करंट उतरला तर भाडेकरूचा जीव त्यांच्यावरच असतो. टेस्ट बटण दाबताच आरसीसीबी पडला पाहिजे. बटणानं अर्थिंग तपासलं जात नाही. त्याचं रीडिंग परवानाधारक कॉन्ट्रॅक्टरकडून मीटरनं घ्या, सहीनिशी.

किती रकमेपुढे तुमची लेखी परवानगी लागेल, हे एजंटशी करारातच ठरवा. शॉक किंवा स्पार्किंग असेल तर आधी मेन बंद, मग फोन.