ऑफिसातल्या संगणकांवर आउटलुकचं ॲड-इन कसं बसवावं

ॲड-इन म्हणजे आउटलुकसारख्या मेलच्या प्रोग्रॅमला जादा सोय देणारा छोटा प्रोग्रॅम. एका संगणकावर ते बसवणं हे काही मिनिटांचं काम. तेच ॲड-इन ऑफिसातल्या प्रत्येकाच्या आउटलुकमध्ये दिसायला हवं, दुसऱ्या दिवशीही दिसायला हवं आणि त्यामुळे कुणाचं मेल अडता कामा नये, अशी अट आली की कामाचं स्वरूप बदलतं. या लेखात मायक्रोसॉफ्ट आउटलुक डोळ्यांसमोर ठेवून सगळी पद्धत सांगितली आहे. शेवटी थंडरबर्ड या दुसऱ्या मेल प्रोग्रॅमबद्दलही थोडं आहे.

माझा पहिला आग्रह असा की इन्स्टॉलरवर डबल क्लिक करण्याआधी ॲड-इन कोणत्या जातीचं आहे ते ओळखा. बहुतेक गोंधळ इथेच सुरू होतो आणि मग माणसं दिवसभर चुकीच्या ठिकाणी दोष शोधत बसतात.

आधी जात ओळखा

आउटलुकची ॲड-इन्स मुख्यतः दोन जातींची असतात. पहिली जात कॉम ॲड-इन्सची. ही खरोखर संगणकावर बसतात, म्हणजे त्यांच्या फायली डिस्कवर उतरतात, रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) नोंद होते आणि आउटलुक सुरू झालं की त्याच्याच पोटात ती चालू लागतात. त्यामुळे त्यांना जवळजवळ काहीही करता येतं. याचीच दुसरी बाजू अशी की ॲड-इन कोसळलं तर आउटलुकही कोसळू शकतं. ही फक्त विंडोजवरच्या जुन्या, म्हणजे ‘क्लासिक’ आउटलुकमध्ये चालतात. नव्या आउटलुकमध्ये कॉम ॲड-इन अजिबात चालत नाही. त्याला कोणतीही सेटिंग किंवा पळवाट नाही.

दुसरी जात वेब ॲड-इन्सची. यात संगणकावर जवळजवळ काहीच उतरत नाही. मॅनिफेस्ट नावाची एक छोटी फाइल मेलबॉक्सशी जोडली जाते. ॲड-इनचं नाव काय, बटण कुठे दिसेल, कोणत्या परवानग्या लागतील आणि खरं पान कोणत्या पत्त्यावरून उघडायचं, एवढं त्या फाइलीत लिहिलेलं असतं. बाकी सगळा कोड ॲड-इन बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर राहतो. म्हणून तेच ॲड-इन क्लासिक आउटलुक, नवं आउटलुक, ब्राउझरमधलं आउटलुक आणि मॅक या सगळीकडे दिसू शकतं.

तुमच्या हातात काय आलंय त्यावरून जात कळते. एमएसआय किंवा ईएक्सई ही इन्स्टॉलरची फाइल असेल तर बहुधा कॉम, एक्सएमएल फाइल किंवा स्टोअरची लिंक असेल तर वेब. काही कंपन्या दोन्ही देतात. निवड तुमच्या हातात असेल तर वेब ॲड-इनच घ्या. क्लासिक आउटलुकवर उभी केलेली व्यवस्था पुढे नव्या आउटलुकवर जाताना पुन्हा उभारावी लागेल.

सोबत आणखी दोन गोष्टी तपासा. ऑफिसातल्या किती जणांनी वरच्या कोपऱ्यातलं बटण दाबून नवं आउटलुक सुरू केलं आहे, ही पहिली. दुसरी, कॉम ॲड-इन असेल तर मायक्रोसॉफ्ट ऑफिस ३२ बिटचं आहे की ६४ बिटचं. ‘फाइल’, ‘ऑफिस अकाउंट’, ‘अबाउट आउटलुक’ असं गेलं की पहिल्याच ओळीत ते लिहिलेलं सापडतं. विंडोज ६४ बिटचं आहे म्हणून ऑफिसही तसंच असेल असं गृहीत धरू नका. ऑफिस २०१९ पासून ६४ बिट हीच मूळ निवड असते, पण त्याआधीच्या मशीनवर ३२ बिटचं ऑफिस सर्रास सापडतं. बिट जुळले नाहीत तर इन्स्टॉलेशन ‘यशस्वी’ झालं असं दिसतं आणि रिबनवर, म्हणजे वरच्या बटणांच्या पट्टीवर, मात्र काहीच उगवत नाही.

परवानग्या वाचा

हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण मला तो सर्वात महत्त्वाचा वाटतो. तुम्ही हे स्वतःसाठी करत नाही, सगळ्यांच्या पत्रव्यवहाराच्या वतीने होकार देता आहात.

वेब ॲड-इनच्या परवानग्यांच्या चार पातळ्या असतात. सर्वात खालच्या पातळीवर ॲड-इनला मेलमधला मजकूर फारसा दिसतच नाही. दुसऱ्या पातळीवर समोर उघडलेला मेल वाचता येतो, तिसऱ्या पातळीवर तो बदलताही येतो. चौथ्या पातळीवर अख्खा मेलबॉक्स वाचता येतो, त्यात लिहिता येतं आणि मेल पाठवताही येतो. सही जोडणाऱ्या किंवा मीटिंगची लिंक टाकणाऱ्या ॲड-इनने अख्खा मेलबॉक्स मागितला तर थांबा आणि बनवणाऱ्यांना लेखी विचारा. संशयित मेल कळवण्यासाठीच्या बटणाला मेल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवावा लागतो, तिथे जास्त परवानगी समजू शकते. कामाच्या मानाने मागणी योग्य आहे का, एवढंच पाहायचं.

कोड दुसऱ्याच्या सर्व्हरवर असल्यामुळे आज तपासलेलं ॲड-इन उद्या आतून बदलू शकतं आणि तुमच्याकडे काहीही नव्याने इन्स्टॉल होणार नाही. म्हणूनच बनवणारे कोण आहेत, डेटा कुठे ठेवतात आणि बदल झाल्यावर कळवतात का, हे आधीच विचारून घ्यावं. कॉम ॲड-इनमध्ये तर अशा पातळ्याच नसतात. ते वापरकर्त्याच्या सर्व अधिकारांनिशी चालतं, म्हणून इन्स्टॉलरवर कंपनीची डिजिटल सही आहे का ते पाहा. फाइलवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा, त्यातल्या ‘डिजिटल सिग्नेचर्स’ या टॅबमध्ये ती दिसते.

वेब ॲड-इन सर्वांना कसं द्यावं

ऑफिसचं मेल मायक्रोसॉफ्ट ३६५ वर असेल तर कोणाच्याही टेबलापाशी जावं लागत नाही. ॲडमिन खात्याने मायक्रोसॉफ्ट ३६५ ॲडमिन सेंटर उघडा, ‘सेटिंग्ज’मध्ये जा आणि तिथून ‘इंटिग्रेटेड ॲप्स’. स्टोअरमधलं ॲड-इन असेल तर ‘गेट ॲप्स’. बनवणाऱ्यांनी मॅनिफेस्टची फाइल किंवा तिचा पत्ता दिला असेल तर ‘अपलोड कस्टम ॲप्स’.

पुढच्या पानावर ते कोणाला द्यायचं हे विचारलं जातं: फक्त मला, ठरावीक माणसांना किंवा गटांना, की संपूर्ण संस्थेला. पहिल्यांदा कधीही ‘संपूर्ण संस्था’ निवडू नका. आधी स्वतःला द्या. मग एक छोटा गट करा आणि त्यात वेगवेगळ्या सवयींची माणसं घ्या: कोणी मॅकवाला, कोणी ब्राउझरमध्येच मेल वाचणारा, कोणी दोन-तीन मेलबॉक्स एकत्र उघडून बसणारा. सामायिक मेलबॉक्स वापरणारं कोणीतरी या गटात हवंच. आपल्या मेलबॉक्समध्ये नीट चालणारं बटण सामायिक मेलबॉक्समध्ये गायब होतं, ही तक्रार नेहमीची आहे. ॲड-इनने तशी सोय केलेली नसेल तर ती बाहेरून देता येत नाही.

गटाच्या बाबतीत एक खाच आहे. एका गटाच्या पोटात दुसरा गट ठेवला असेल तर आतल्या गटातल्या माणसांपर्यंत ॲड-इन पोहोचत नाही. ‘निम्म्यांना दिसतंय, निम्म्यांना नाही’ असं झालं तर आधी इथे पाहा. माणसं थेट गटात हवीत.

मग परवानग्या स्वीकारून काम पूर्ण करायचं आणि वाट पाहायची. ॲड-इन सगळ्यांपर्यंत पोहोचायला चोवीस तासही लागू शकतात. या वेळात लोक फोन करतात आणि आपण घाईने तेच पुन्हा लावतो, त्याने गुंता वाढतो. ‘उद्या दुपारनंतर दिसेल, तोवर आउटलुक एकदा बंद करून सुरू करा’ असा मेल आदल्या दिवशीच पाठवून ठेवला की फोन कमी येतात. त्या मेलमध्ये बटणाचं चित्र जोडा. नव्या आउटलुकमध्ये बटण अनेकदा थेट रिबनवर नसतं, मेल उघडल्यावर ‘ॲप्स’ या चिन्हाखाली असतं. ते तिथे आहे हे सांगितलं नाही तर ॲड-इन आलंच नाही असा लोकांचा समज होतो.

काही महिने नीट चाललेलं जुनं वेब ॲड-इन अचानक लॉग-इन मागत बसलं किंवा कोरी चौकट दाखवू लागलं, तर त्याची ओळख पटवण्याची पद्धत तपासा. मायक्रोसॉफ्ट ३६५ मागची मेलसेवा म्हणजे एक्सचेंज ऑनलाइन. तिचे जुने टोकन, म्हणजे ओळख पटवणाऱ्या डिजिटल चिठ्ठ्या, मायक्रोसॉफ्टने २०२५ मध्ये बंद केले. ज्यांनी आपलं ॲड-इन त्यानुसार सुधारलं नाही त्यांची आवृत्ती आता तुम्ही कितीही वेळा बसवली तरी चालणार नाही. नवी आवृत्ती मागावी लागेल.

कॉम ॲड-इन बसवताना

बनवणाऱ्यांकडून एमएसआय फाइलच मागा. ईएक्सई इन्स्टॉलर एकेका संगणकावर चालतो, पण ग्रुप पॉलिसीच्या (सर्व संगणकांना एका जागेवरून नियम लावणाऱ्या विंडोजच्या सोयीच्या) सॉफ्टवेअर इन्स्टॉलेशनला तो चालत नाही. इन्स्टॉलर प्रत्येक वापरकर्त्यासाठी वेगळा बसतो की पूर्ण मशीनसाठी एकदाच, हेही विचारा. मशीनसाठीचा घ्या. त्या प्रकारात ॲड-इन साध्या वापरकर्त्याला बंद करता येत नाही, ॲडमिनचे अधिकार लागतात.

आधी एका संगणकावर हाताने करून पाहा. आउटलुक पूर्ण बंद करा. खिडकी मिटली म्हणजे ते बंद झालं असं नाही, टास्क मॅनेजरमध्ये खात्री करा. मग ॲडमिन अधिकाराने कमांड प्रॉम्प्ट उघडून एमएसआय फाइल शांत पद्धतीने, म्हणजे एकही प्रश्न न विचारता, चालवा आणि लॉग फाइल लिहायला सांगा. शांत पद्धतीत चूक पडद्यावर दिसत नाही, त्यामुळे लॉगशिवाय तुम्ही आंधळे असता. लॉगच्या शेवटच्या काही ओळींत निकाल लिहिलेला असतो. ॲड-इनला डॉटनेट किंवा व्हीएसटीओ रनटाइम (ॲड-इन चालवण्यासाठी लागणारं मायक्रोसॉफ्टचं पूरक सॉफ्टवेअर) लागत असेल तर ते आधी असायला हवं. इन्स्टॉलर ते स्वतः आणतो का, हे याच चाचणीत कळेल.

नंतर आउटलुक उघडून ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘ॲड-इन्स’ असं जा. तिथे चालू असलेली ॲड-इन्स वर आणि न चाललेली खाली दिसतात. आपलं नाव वरच्या यादीत हवं.

सगळ्यांकडे पाठवायचं असेल आणि संगणक डोमेनमध्ये, म्हणजे ऑफिसच्या सर्व्हरच्या ताब्यात, असतील तर ग्रुप पॉलिसी वापरा. एमएसआय फाइल सर्व्हरवरच्या शेअर केलेल्या फोल्डरमध्ये ठेवा आणि त्या फोल्डरवर ‘डोमेन कॉम्प्युटर्स’ला वाचण्याचा अधिकार द्या. इन्स्टॉलेशन संगणकाच्या नावाने होतं, माणसाच्या नावाने नाही. हा अधिकार नसेल तर पॉलिसी लागू होते पण फाइल सापडत नाही. पॅकेज जोडताना नेटवर्कचा पूर्ण पत्ता लिहा, तुमच्या मशीनवरच्या ड्राइव्हचं अक्षर नको. ॲड-इन संगणक सुरू होताना बसतं, म्हणून लोकांना एकदा रीस्टार्ट करायला सांगावंच लागतं. तरीही बसलं नाही तर संगणक सुरू होताना नेटवर्कची वाट पाहण्याची पॉलिसी चालू करा. झटपट सुरू होणारी मशीनं नेटवर्क येण्याआधीच पुढे निघून जातात. संगणक इंट्यूनवर (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन संगणक-व्यवस्थापन सेवेवर) असतील तर तीच एमएसआय तिथून पाठवता येते.

बसलं, पण टिकत नाही

कॉम ॲड-इनबद्दलची सर्वात जास्त ऐकू येणारी तक्रार ही आहे: काल होतं, आज नाही. आउटलुक प्रत्येक ॲड-इन सुरू व्हायला किती वेळ घेतं ते मोजत असतं. आउटलुक २०१३ पासून असा नियम आहे की लागोपाठ पाच वेळच्या सुरुवातीचा मध्यक एक हजार मिलिसेकंदांच्या, म्हणजे एका सेकंदाच्या वर गेला की ते ॲड-इन बंद केलं जातं. जुन्या, संथ डिस्कच्या मशीनवर हे सहज होतं.

मोजमाप तुम्हालाही पाहता येतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘ॲप्लिकेशन’ लॉग उघडा आणि आउटलुकची ४५ क्रमांकाची नोंद शोधा. प्रत्येक ॲड-इनने किती मिलिसेकंद घेतले ते तिथे असतं. अनेकदा असं दिसतं की आपलं ॲड-इन निर्दोष आहे आणि कोणी कधी बसवलेलं, आता न लागणारं दुसरंच काहीतरी वेळ खात आहे. ते काढा.

ॲड-इन कामासाठी आवश्यकच असेल तर आउटलुकच्या ग्रुप पॉलिसीत ‘मॅनेज्ड ॲड-इन्स’ची यादी आहे. त्यात त्याची प्रोग-आयडी, म्हणजे विंडोजमधलं त्याचं ओळखनाव, लिहून किंमत १ ठेवली की ते नेहमी चालू राहतं. पण ही यादी छोटी ठेवा. सगळीच ॲड-इन्स ‘आवश्यक’ केली तर आउटलुक उघडायला लागणारा वेळ रोज सगळ्यांच्या वाट्याला येतो.

रजिस्ट्रीत ॲड-इनच्या नोंदीखाली ‘लोड बिहेवियर’ ही किंमत ३ असायला हवी, म्हणजे सुरू होतानाच चालू. ती २ दिसली तर सुरू होताना काहीतरी बिघडलं आणि आउटलुकने ते खाली उतरवलं, असं समजा. मूळ कारण न शोधता पुन्हा ३ लिहिलं तर बहुधा ते परत २ वर येईल. आउटलुकच उघडत नसेल तर ‘रन’च्या चौकटीत आउटलुकच्या पुढे स्लॅश देऊन सेफ असं इंग्रजीत लिहा आणि उघडा. तेव्हा ॲड-इन्स लोड होत नाहीत. अशा वेळी ते नीट उघडलं तर दोष ॲड-इनचाच आहे. मग एकेक चालू करत कोणतं ते शोधा.

थंडरबर्ड असेल तर

थंडरबर्डचं ॲड-ऑन एक्सपीआय फाइलीच्या रूपात येतं. एकट्यासाठी ‘ॲड-ऑन्स अँड थीम्स’ पानावरून ते घेता येतं. सगळ्यांसाठी मात्र थंडरबर्डच्या फोल्डरमध्ये ‘डिस्ट्रिब्यूशन’ नावाचा फोल्डर करून त्यात पॉलिसीज नावाची जेसन फाइल ठेवतात. कोणतं ॲड-ऑन सक्तीने बसवायचं आणि कुठून आणायचं ते तिच्यात लिहायचं. विंडोजवर हेच ग्रुप पॉलिसीनेही होतं. २०२० साली आलेल्या ७८ व्या आवृत्तीपासून जुन्या पद्धतीची ॲड-ऑन्स चालत नाहीत, तेव्हा ॲड-ऑन कोणत्या आवृत्तीसाठी आहे ते आधी पाहा.

काढायची वाटही आधीच करून पाहा

आधी केलेल्या छोट्या चाचणी गटातल्या एका माणसाकडून ॲड-इन परत काढून दाखवा, मगच ते सर्वांना द्या. वेब ॲड-इन ‘इंटिग्रेटेड ॲप्स’मधून काढलं तरी सर्वांकडून जायला तेवढाच वेळ लागू शकतो, म्हणजे तातडीची वेळ आली तर एका क्लिकवर ते नाहीसं होणार नाही. ग्रुप पॉलिसीत पॅकेज काढताना दोन पर्याय येतात: मशीनवरूनही काढायचं, की आहे ते राहू देऊन फक्त नवं बसणं थांबवायचं. पहिला निवडला तरी संगणक पुन्हा सुरू होईपर्यंत ॲड-इन तिथेच राहतं. काढल्यावर आउटलुक उघडून पाहा की रिबनवर रिकामा टॅब उरला नाही, आणि ‘मॅनेज्ड ॲड-इन्स’च्या यादीतून त्याचं नाव पुसा.