घरात दोन नेट लाइन घेताय? मग या चुका टाळा

दोन कनेक्शन घेतली की नेट कधीच जाणार नाही, असं समजून बसलेली माणसं मला सारखी भेटतात, आणि मग रात्री अकराला फोन येतो, "दादा, दोन्ही लाइन आहेत तरी काहीच चालत नाहीये."

सगळ्यात मोठी चूक टेस्टिंगची. मागच्या पावसाळ्यात नाशिकला ताईकडे हेच झालं. मेन लाइन फायबर, बॅकअपला केबलवाल्याचा मोडेम, मध्ये ड्युअल वॅन राऊटर (दोन लाइन घेणारा, एक गेली की दुसरीवर जाणारा), सगळं मीच बसवलेलं. गटारीच्या कामात जेसीबीने फायबर तोडली, ओएनटीवर (फायबर ज्यात येते तो कंपनीचा डबा) एलओएसचा, म्हणजे सिग्नल गेल्याचा, लाल दिवा लुकलुकतोय, भाचीची ऑनलाइन परीक्षा सुरू, आणि राऊटर काही केबलवर जाईना! कारण लाइन चालू आहे का ते बघायला तो फक्त गेटवेला, म्हणजे राऊटरच्या पुढच्या पहिल्याच डब्याला, पिंग करत होता (छोटा निरोप पाठवून उत्तर येतं का बघत होता), आणि गेटवे म्हणजे शेजारीच ठेवलेला ओएनटी, तो बिचारा चालूच होता, उत्तर देत होता. बसवताना मी ओएनटी आणि राऊटरमधली लॅन केबल उपसून टेस्ट केली होती, तेव्हा लगेच दुसरी लाइन लागली म्हणून खूश झालो. ती टेस्टच खोटी. खरी लाइन तुटते ती बाहेर रस्त्यावर, तुमच्या टेबलावर नाही.

तेव्हापासून मी चेक बाहेरच्या पत्त्यावर लावतो, ८.८.८.८ (गूगलचा) आणि १.१.१.१ (क्लाउडफ्लेअरचा) दोन्ही, दर ५ सेकंदांनी, सलग ३ वेळा दोन्हीकडून उत्तर नाही आलं तरच लाइन बदल. एकच पत्ता ठेवू नका, एकदा पिंग चुकला की लगेच उडी पण नको, नाहीतर दिवसभर इकडून तिकडे होत राहतं. आणि टेस्ट करताना ओएनटीचा हिरवा फायबर कनेक्टर हळूच काढा (टोकाला बोट लावू नका, आत डोळा घालून बघू नका), केबल मोडेम असेल तर मागची कोॲक्स (टीव्हीला असते तशी गोल केबल) सोडा. पाच मिनिटं लागतात, पण नवीन पोरांना तेवढाही धीर नसतो, यूट्यूब चाललं की झालं काम.

दुसरं, ओएनटीचा पत्ता पण १९२.१६८.१.१ आणि तुमच्या राऊटरचा पण १९२.१६८.१.१, हे चालणारच नाही. राऊटरचा लॅनचा (घरातल्या नेटवर्कचा) पत्ता १९२.१६८.५०.१ वगैरे करून टाका. ब्रिज मोड (ओएनटी फक्त सिग्नल पुढे देतो, लॉगिन राऊटर करतो) बरा, पण आधी पीपीपीओईचं, म्हणजे कंपनीच्या त्या लॉगिनचं, युजरनेम-पासवर्ड हातात घ्या, आणि ओएनटीवर लँडलाइन असेल तर ती बंद पडेल का ते कंपनीला विचारा.

लोड बॅलन्सिंगच्या (दोन्ही लाइन एकाच वेळी वापरण्याच्या) मोहात पडू नका, बँकेच्या साइटवरून मध्येच लॉगआउट होतं, मी फेलओव्हरच ठेवतो, एक लाइन गेली तरच दुसरी.

दोन कंपन्या घेतल्या पण दोन्ही वायरी एकाच खांबावरून येत असतील तर झाड पडलं की दोन्ही जाणार. गच्चीवर जाऊन बघा, वायर कुठून येते ते. एकाच बाजूने येत असतील तर दुसरी लाइन सिमवाली घ्या.

आणि लाइट गेली तर? मिनी यूपीएस फक्त राऊटरला लावून काय उपयोग, ओएनटी आणि मोडेमला पण लागतो. अडॅप्टरवरचे व्होल्ट-अँपिअर वाचूनच घ्या, काही १२ व्होल्टचे असतात, काही ९ चे, पिन मात्र सारखीच दिसते.