ओल्या हिवाळ्यात सांधे धरलेल्या घोडीची काळजी कशी घ्यावी

मराठवाड्यातली थंडी कोरडी असते, या समजावर आता विसंबता येत नाही. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस जालना, परभणी, हिंगोलीकडे अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली, आणि तेव्हाच तुळशीचं लग्न लागून वरातींचा हंगाम सुरू झाला होता. आमची घोडी अठरा वर्षांची आहे. अशाच एका झडीत ती भिजू नये म्हणून मी तिला दोन दिवस अगाडी-पिछाडी लावून, म्हणजे पुढून-मागून दोरांनी जखडून, छपरात बांधून ठेवली. तिसऱ्या दिवशी ती पाऊल उचलेना. थंडीपेक्षा ते बांधून ठेवणंच तिला बाधलं होतं.

१. आधी दुखणं ओळखा. सपाट रस्त्यावर कुणाला तरी घोडी दुडकी चालवायला सांगा आणि समोरून पाहा. पुढचा दुखरा पाय टेकताना ती डोकं वर उचलते, चांगला पाय टेकताना खाली घालते. सांधे आखडले असतील तर काही पावलांनंतर चाल मोकळी होते. पण खूर गरम लागत असतील आणि घोडी पुढचे पाय लांब टाकून मागे रेलून उभी असेल, तर तो खुराचा दाह असू शकतो. तिला अजिबात चालवू नका, त्याच दिवशी डॉक्टर बोलवा. ताप ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर गेला किंवा सांधा एकाएकी सुजला तरीही हेच करा.

२. जागा कोरडी करा. काळ्या मातीत पाणी मुरत नाही, पाय रुततो आणि उपसताना सांध्याला हिसका बसतो. उभं राहायच्या जागी मुरूम टाकून चोपा, उतार द्या. वर भुसकटाचा किंवा लाकडी भुशाचा जाड थर पसरा, ओला झालेला रोज काढा. वारा येतो त्या बाजूला ताडपत्री लावा, बाकी हवा खेळती ठेवा. पिछाडी सोडा, घोडीला वळता आणि निजता आलं पाहिजे.

३. रोज चालवा. सकाळी ऊन वर आल्यावर आणि संध्याकाळी, पंधरा-वीस मिनिटं, टणक सपाट वाटेवर, सरळ. लहान गोलात फिरवू नका. वरातीला न्यायची असेल तर आधी दहा मिनिटं हळू चालवून अंग मोकळं करा. आणि अशा घोडीला नाचवू नका. मागच्या दोन पायांवर उभी केली की सगळा भार दुखऱ्या सांध्यांवर येतो. वऱ्हाडी हट्ट करतात, चार पैसे जास्त देतात. तरी सुपारी घेतानाच स्पष्ट सांगा की ही घोडी नाचणार नाही.

४. झूल. ओली झूल अंगावर ठेवण्यापेक्षा झूल नसलेली बरी. भिजली तर अंग गोणपाटानं पुसा, खरारा करा, मगच कोरडी झूल घाला.

५. खूर. रोज खुरातला चिखल काढा. कुजका वास आला तर तळवा सडू लागलाय. दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद बोलवा. पुढून वाढलेला खूर प्रत्येक पावलाला सांध्यावर ताण देतो.

६. चारा-पाणी. काम कमी झालं की चंदी, म्हणजे दाणा, कमी करा, वाढलेलं वजन सांध्यांनाच वाहावं लागतं. बुरशी लागलेला कडबा देऊ नका. थंडीत घोडं पाणी कमी पितं आणि पोटशूळ होतो, म्हणून कोमट पाणी ठेवा. गाईम्हशींची तयार पेंड घालू नका. तीत मोनेन्सिन हे औषध मिसळलेलं असेल तर घोडं दगावतं.

७. औषध. सांध्यावर डागणं किंवा बिब्बा घालणं आमच्याकडे अजून चालतं. त्यानं जिवंत कातडी जळते, सांधा सुधारत नाही, आणि जखमेतून धनुर्वात होऊ शकतो, जो घोड्याला फार लवकर होतो. वेदनाशामक डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच द्या. फिनाइलब्युटाझोन जास्त झालं तर पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं बिघडतात. गिधाडांच्या जिवावर उठलेलं डायक्लोफेनॅक जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे, कुणी आणून दिलं तरी टोचू देऊ नका. दुखणं हटत नसेल तर परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवा.

जाताना वही न्या. सकाळी किती पावलांनी चाल मोकळी झाली, हे मी रोज लिहितो; मागच्या खेपेला डॉक्टरांनी तेवढ्यावरून गोळीचं प्रमाण कमी केलं.